देवीच्या झोपेची जागा

माझा धंदा काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न जुळवणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, "मुलगा जमीन तपासतो." ते समजले तलाठी. पुढे कितीतरी वर्षं संगमेश्वरच्या नातेवाइकांची वाटणीची भांडणं ते माझ्याकडे पाठवत राहिले आणि मी ती परत पाठवत राहिलो.

मी तलाठी नव्हतो आणि इंजिनीअरही नव्हतो. बिल्डिंग उभी करण्याआधी जागेत भोकं पाडून खाली काय आहे ते सांगायचं, असं काम करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी साइट सुपरवायझर होतो. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, तिच्यावरून दोर घ्यायचा, दोराला जाडजूड लोखंडी वजन. आम्ही त्याला हॅमर म्हणतो, पण तो घणच. भोकात एकाला एक जोडून रॉड सोडायचे, सगळ्यात खाली एक पोकळ नळी. मग घण उचलायचा आणि सोडायचा, परत उचलायचा आणि सोडायचा. किती ठोक्यांत नळी किती आत गेली, त्यावरून जमीन मऊ की टणक ते कळतं. नळीत अडकून जे वर येईल ते पिशवीत भरून लॅबला. मीरा-भाईंदरात वरचा भराव संपला की खाडीचा काळा चिखल लागतो, त्यात नळी ठोक्याविनासुद्धा बसते. त्याखाली मुरूम, मग दगड. म्हणजे सगळा धंदा एवढाच, की न दिसणाऱ्या गोष्टीवर वरून घण घालायचा आणि कान देऊन ऐकायचं.

गिऱ्हाईकं एकेक नग. हाटकेशला एका बिल्डरने आमचा रिपोर्ट वाचला, चहा मागवला आणि लाडात येऊन विचारलं, "सावंत, हा दगड जरा वर नाही का घेता येणार?" दगड वर आला की पाया उथळ, खर्च कमी. मी म्हटलं, शेठ, मी दगड शोधतो, ठेवत नाही. त्यांनी दुसरा चहा मागवला आणि परत तेच विचारलं.

या अंकाच्या संपादकबाई भाईंदरच्या इंद्रलोक भागात आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांना असे गमतीचे किस्से हवेत. आहेत ना, ढिगाने आहेत. पण लिहायला बसलो की माझ्या डोळ्यांसमोर एकच भोक येतं आणि हात थांबतो. म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

जागा गोडदेवच्या आसपासची. नेमकी कुठली ते विचारू नका. आता तिथे माणसं राहतायत, त्यांनी घराचे हप्ते भरायचे की माझा लेख वाचून घाबरायचं? एक जुनी बिल्डिंग पाडून मोकळी केली होती, शेजारी पत्र्याची चाळ, मध्ये चिंचोळी गल्ली. चाळीतली पोरं आमच्या घोडीभोवती दिवसभर उभी. पहिल्याच दिवशी जनार्दन पाटील चौकशीला आले. गोडदेवचे मूळचे, पाणीखात्यातून रिटायर झालेले, गावदेवीच्या पालखीची व्यवस्था बघणारे. म्हणाले, "कॅम्पात काम चाललाय का तुमचा?"

"कुठला कॅम्प?"

"म्हातारी मानसं बोलतात तसा. लढाईच्या टायमाला गोऱ्यांचा कॅम्प व्हता म्हने. आपल्याला काय म्हाईत न्हाय."

मी हसून सोडून दिलं. भाईंदरमध्ये कॅम्प म्हणजे मोतीबिंदूचा नाहीतर रक्तदानाचा.

तिसऱ्या भोकाला, जिथे जुन्या बिल्डिंगचं मोकळं अंगण होतं तिथे, रॉड वाजला. चिखलात आवाज येत नाही. दगडावर ठक्क होतं आणि रॉड उडतो. हा दोन्हीतला नव्हता. घंटेच्या काठाला चमचा लागावा तसा पातळ, लांबणारा आवाज आला, तोही चिखलाच्या खोलीवर, जिथे काहीच टणक असायला नको. माझा ड्रिलर मुन्ना गोरखपूरकडचा, माझ्याबरोबर अर्धं आयुष्य काढलेला. त्याने लगेच दोर धरून ठेवला आणि दुसरा हात रॉडवर ठेवला.

"साहब, ये पत्थर नहीं है."

नळी वर काढली. तिचं तोंड एका बाजूने दबलं होतं आणि काळ्या चिखलात धातूचं एक वेटोळं चिकटलं होतं. पुसून बघितलं तर पितळ. समई वर्षभर घासली नाही की जो हिरवा रंग चढतो, तो त्याच्यावर चढलेला. खाडीच्या चिखलात एवढ्या खाली पितळ कोण टाकतं? मला एकदम जनार्दनचा कॅम्प आठवला. चाळीतली दोन पोरं घोडीच्या पायाला टेकून वडापाव खात होती. मी त्यांच्यावर असा ओरडलो की मुन्नाही दचकला.

बिल्डरचा साइट इंजिनीअर कुणाल, तिशीच्या आतला मुलगा, हुशार, पण वरून सारखा फोन येणारा. तो म्हणाला, "काका, जुना पाइप असणार. चार ठोके जास्त मारा, फुटून जाईल."

"आणि पाइप नसला तर?"

"तर काय असणार?"

मी सांगितलं, लढाईतला न फुटलेला गोळा असू शकतो. तो हसला नाही, पण त्याने मानही डोलवली नाही. सोमवारी सकाळी काम चालू झालंच पाहिजे, जुन्या बिल्डिंगची माणसं भाड्याने राहतायत, असं सांगून तो निघून गेला. तो शुक्रवार होता.

मी तसाच पोलिस स्टेशनला गेलो. हवालदाराने ऐकून घेतलं, पितळेचा तुकडा उलटापालटा केला. "काका, जुन्या जागेत भंगार लागलं म्हणून बॉम्बपथक बोलवू? साहेब मला विचारतील, आधार काय. काहीतरी आधार आणा." मला राग आला, पण त्याचंही काय चुकलं? इथे जिथे खणाल तिथे लोखंड लागतं.

तर आधार शोधायला निघालो. आयुष्यभर जमिनीत भोकं पाडलेला माणूस, इतिहास शाळेत सोडला तो सोडलाच. शनिवारी सकाळी वाचनालयात बसलो. दुसऱ्या महायुद्धावर कपाटभर पुस्तकं. बर्मा होता, आफ्रिका होती, मुंबईच्या गोदीतला स्फोटपण सापडला. भाईंदरचं नाव कुठेच नाही. भाच्याने फोनवर शोधून दिलं, तर किनाऱ्याला असे पुष्कळ तात्पुरते तळ होते आणि लढाई संपल्यावर उठले, एवढ्यावर संपलं. मग गावात फिरलो. पंच्याऐंशीच्या पुढचे जे भेटले त्यांनी सांगितलं की हो, तंबू होते, काटेरी तार होती, खाडीच्या बाजूला गोळे मारायचे, घरातली भांडी हलायची. कुठे होता कॅम्प, विचारलं की म्हातारे बाहेर यायचे, इकडेतिकडे बघत राहायचे. त्यांच्या आठवणीत शेतं आणि मिठागरं होती, समोर सात-सात मजले. एकाने सरळ हात गोल फिरवून अख्खं भाईंदर पूर्व दाखवलं आणि म्हणाला, "ह्या बाजूला."

दुपारी मी पार हताश झालो होतो. उगाच भुताटकी उठवतोय का मी, असंही वाटून गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही काम थांबवलं नव्हतं आणि शेवटच्या वर्षी एका पितळेच्या वेटोळ्यापायी थांबवून बसलो होतो.

संध्याकाळी गावदेवीची पालखी होती. जनार्दनने बोलावलं होतं, म्हणून गेलो. बेंजो जोरात, पुढे टेम्पोवर स्पीकर, ढोल, नाचणारी पोरं, गुलालाने माखलेल्या बायका. पालखी आमच्या साइटच्या रस्त्याला लागली. नवा सिमेंटचा रुंद रस्ता, सरळ देवळापर्यंत जाणारा. मला वाटलं आता सरळ जाणार. साइटच्या अलीकडेच जनार्दनने हात वर केला आणि सगळं बंद झालं. बेंजो बंद, ढोल बंद, नाचणारी पोरंसुद्धा शिस्तीत उभी. पालखी सरळ न जाता चाळीमागच्या गटाराच्या गल्लीत वळली. गल्ली इतकी अरुंद की भोई आडवे होऊन, भिंतीला पाठी घासत चालले होते. कुणी बोलत नव्हतं, फक्त चपलांचा आवाज. अख्ख्या साइटला लांबून वळसा घालून पालखी पलीकडच्या नाक्यावर निघाली, तेव्हा जनार्दनने परत हात केला आणि ढोल सुरू झाला.

मी जनार्दनला बाजूला घेतलं. "सरळ का नाही गेलात?"

"पद्धत हाय. तिथं देवी निजलेली असते. ढोल वाजवायचा न्हाय, पाय आपटायचा न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"पयल्यापासून हाय."

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हात जोडले असते. मी हात जोडले नाहीत, मागे वळून आमच्या घोडीकडे बघितलं. मी आयुष्यभर जमिनीवर घण घातलेला माणूस. कुणीतरी कधीतरी या गावाला बजावून ठेवलं होतं, की इथे चालू नका, इथे ठोकू नका. उघड सांगता येत नव्हतं म्हणून पालखीला सांगितलं होतं. आणि त्या वळशाच्या बरोबर मधोमध माझं तिसरं भोक होतं.

पद्धत कुणी घातली ते जनार्दनला माहीत नव्हतं. पण त्याच्या आजोबांच्या खांद्यावर पालखी असायची आणि आजोबांची मुलगी, म्हणजे जनार्दनची आत्या हिराबाय, अजून होती. नव्वदीला टेकलेली, पण कान शाबूत. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ती ओटीवर सुपात जवळा निवडत बसली होती.

"आजी, तिथं ढोल का बंद करतात?"

"देवी निजलेली हाय."

"हे कुणी सांगितलं?"

"माझे बापाचे सपनान आली देवी."

"लढाईच्या आधी की नंतर?"

तिचा हात सुपात थांबला. मग परत फिरायला लागला. "मना काय म्हाईत न्हाय. मी बारकी व्हती."

मी गोडीगुलाबीने विचारलं, आडून विचारलं. ती जवळा निवडत राहिली. मग माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्या बाईवर आवाज चढवू नये हे मला कळतं, पण चढला. "आजी, उद्या सकाळी आमचा मुन्ना तिथं घण मारणार आहे. वर उचलायचा आणि सोडायचा, वर उचलायचा आणि सोडायचा. दोन मुली आहेत त्याला. शेजारी चाळ आहे, पोरं आहेत. खाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेल तर आता सांगा. काही नसेल तर तसं सांगा, मी जातो आणि काम चालू करतो."

"घन मारतान?" तिने विचारलं.

"हो."

तिने सूप खाली ठेवलं. जनार्दनकडे न बघता म्हणाली, "दादूसनी पन घनच मारला."

मग ती बोलली. सलग नाही, अडखळत, मध्येच थांबून. कॅम्प उठला तेव्हा गोरे तंबू घेऊन गेले, पण एका खड्ड्यात बरंच काही टाकून वर माती ओढून गेले. गावातल्या लोकांनी ते उकरलं. गोळ्यांची पुंगळी पितळेची, आणि तेव्हा पितळ कुठे मिळत नव्हतं. बाप्ये रिकाम्या पुंगळ्या आणून विकायचे. दादूस, म्हणजे हिराबायचा मोठा भाऊ गणू, हाही जायचा. मिसरूड न फुटलेला पोरगा. एक दिवस त्याने भरलेला गोळा घेतला आणि पुंगळी सुटी व्हावी म्हणून दगडावर धरून त्याच्यावर घण घातला. हिराबाय त्याला भाकरी घेऊन चालली होती. बांधावरून तिने बघितलं.

सरकारी माल चोरलेला, त्यात माणूस मेलेला. पोलिस आले असते तर निम्मा गाव आत गेला असता. म्हणून बाप्यांनी त्याच संध्याकाळी उरलेले गोळे परत खड्ड्यात ठेवले आणि गणूचं जे सापडलं तेही तिथेच ठेवलं. माती लोटली. पुढे त्याच्यावर भराव पडत गेला, म्हणून ते इतकं खाली गेलं. बापाने घरच्यांना देवीची शपथ घातली. गणू मुंबईला गेला, गोदीत कामाला लागला, असं सगळ्यांनी सांगायचं. आणि पुढच्या पालखीला बापाने सांगितलं, इथे देवी निजते.

जनार्दन भिंतीला टेकून उभा होता. त्याचा बाप हिराबायचा धाकटा भाऊ, तेव्हा पाळण्यातला. "आते," तो म्हणाला, "माझा बाप गोदीच्या गेटवर जाऊन उभा ऱ्हायाचा. सुट्टी घेऊन जायचा. मोठा भाऊ बाहेर पडतोय का बघायचा."

"मना म्हाईत हाय."

"तू त्याला सांगितला न्हाय?"

"शपथ व्हती," ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. मलाही भडभडून आलं. एवढं ओझं त्या बाईने एकटीने वागवलं आणि मी तिच्यावर ओरडून ते काढून घेतलं होतं. पण ओरडलो नसतो तर?

सोमवारी सकाळी रिक्षातून तिघं पोलिस स्टेशनला गेलो. या वेळी अधिकारी मॅडम होत्या. त्यांनी आजीला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं. आजीने तोंड उघडण्याआधी विचारलं, "माझे बापाला काय व्हनार न्हाय ना?"

"आजी, तुमचे वडील आता..."

"मेला तो. पन नाव हाय ना त्याचा गावान."

"नावाला काही होणार नाही. मी सांगते ना," मॅडम म्हणाल्या. तेव्हा ती बोलली.

ती बोलत असतानाच माझा फोन वाजला. मुन्ना होता. "साहब, कुणाल साहब दूसरा आदमी लेके आए हैं. बोल रहे हैं चालू करो."

मी खुर्चीतून उठलो. "मुन्ना, हॅमर खाली उतार. जमीन पे रख, भोक से दूर. धीरे. और उस पे बैठ जा. मैं आने तक उठना मत."

"बैठ गया साहब."

मागे कुणालचा आवाज येत होता, दुसऱ्या कुणाचा येत होता, चाळीतल्या पोरांची हसाहस येत होती. मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कुणालला द्यायला सांगितलं. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी बाहेर रिक्षा शोधत होतो. पोहोचलो तेव्हा मुन्ना घणावर ठाण मांडून बसला होता, घामाने निथळत, आणि कुणाल त्याच्यासमोर पांढराफटक उभा होता. मला बघून म्हणाला, "काका, मला खरंच पाइप वाटला." मुन्नाला उठवायला मला हात द्यावा लागला.

पथक आलं, चाळ रिकामी केली, आजूबाजूच्या बिल्डिंगी रिकाम्या केल्या. दोर बांधला. पथकातली माणसं जाड कपडे घालून, खुरप्यांनी, वाटी-वाटी माती काढत खाली गेली. गोळे निघाले. भरलेले, गंजलेले, एकावर एक व्यवस्थित रचलेले. ते वाळूच्या पेट्यांत घालून कुठेतरी लांब नेले. पथकाचे प्रमुख म्हणून एक शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांना मी विचारलं, माझी नळी नेमकी कुठे बसली होती? ते म्हणाले, "काका, ते नका विचारू. झोप लागणार नाही." तरी मी विचारलं, आणि गोळ्याचं फुटायचं टोक तिथून किती लांब होतं ते त्यांनी दोन बोटांनी दाखवलं.

काम संपेपर्यंत हिराबाय घरी गेली नाही. जनार्दनने समजावलं, मॅडमनी समजावलं. ती दोरापलीकडे, लांब नाक्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. गावातल्या बायका तिला चहा आणून देत होत्या. आता सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी तिला काही विचारत नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागायची होती, तिच्या कपातला निवलेला चहा बदलून आणला.

शेवटची पेटी गेल्यावर प्रमुख आमच्याकडे चालत आले. डोक्यावरचं शिरस्त्राण त्यांनी काढून हातात घेतलं होतं. ते आजीसमोर उकिडवे बसले.

"आजी, गोळे संपले. आता भीती नाही. बाजूला हाडं दिसतायत."

ती उठली. माझा दंड धरला आणि चालायला लागली. कुणी अडवलं नाही. मॅडमनी दोर वर धरला, ती वाकून आत गेली आणि खड्ड्याच्या काठाला उभी राहिली. खाली पथकातला एक जवान खुरप्याने माती सुटी करत होता. जन्मभर ज्याला ती दादूस म्हणत आली होती, तो तिथे होता, आणि आता जनार्दनच्या नातवाएवढा होता.

"हलू काढ रं बाला," ती खाली वाकून म्हणाली. "बारका पोर हाय तो."

जवानाने वर बघितलं. मग खुरपं बाजूला ठेवलं, हातमोजे काढले आणि बोटांनी माती काढायला लागला.